खडकावरच्या किड्याचे काळे दात

अंबू, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. मी रागावलेय.

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, मुली पुढच्या रांगांत गप्प बसल्या होत्या, आणि तुमच्या प्राणिशास्त्राच्या मोठ्या बाई तुझ्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, मिस अंबुजा यांच्याइतकं स्वच्छ काचसामान सबंध कॉलेजात कुणी ठेवलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काचसामान! एवढी वर्षं त्या खोलीत घालवलीस, त्याचं फळ काय, तर धुतलेल्या बश्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उठून ओरडावंसं वाटलं की अहो, ह्या बाईनं समुद्रातल्या एका प्राण्याच्या तोंडात चुंबकाला चिकटणारं लोखंड घडताना पाहिलं होतं, जगात कुठं छापून यायच्या आधी पाहिलं होतं!

नाही उठले. तू शपथ घातली होतीस ना. "माझ्या नांवासाठीं कोणाशीं भांडायचें नाहीं, विमला. माझी शपथ." आता तू नाहीस, अडवणारंही कोणी नाही. हेच दुसऱ्याच्या नावानं छापणाऱ्या परदेशी नियतकालिकाला पत्र लिहून कळवायचं, की तुमच्या आधी मद्रासेत एका डेमॉन्स्ट्रेटर बाईनं हे पाहिलंय आणि मी साक्षीदार आहे? की तुझं ऐकून गप्प राहायचं? गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. हे फिरतीवर आहेत. घरात मी आणि हा प्रश्न, दोघंच.

तुझी माझी ओळख भांडणातूनच झाली. मी सांगलीहून नुकती आले होते. यांची रेल्वेतली नोकरी, मला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं काम मिळालं, आणि दिवसभर कानांवर तमिळ नाही तर इंग्रजी. एकदा पलीकडच्या खोलीत काहीतरी फुटलं आणि आवाज आला, "अगे बये, गेलें अस्की!" मी धावत आले. वाटलं पणजीच बोलली माझी. तुमच्या तंजावरकडच्या घरांत 'सगळं'ला 'अस्की' म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मराठीत चार वाक्यं बोलले आणि तू डोळे मोठे करून म्हणालीस, "तूं मराठी बोलतेस कीं भांडतेस गे?" त्या दिवशी मला मद्रासेत पहिल्यांदा पोटभर हसू आलं.

मग तुझ्या घरी आले. परसातल्या विहिरीवर तांबडी साय धरलेली. मी शहाणपणा केला, म्हटलं पाण्यात लोह आहे, हवा लागली की गंज होतो, यात विशेष काय? तू म्हणालीस, "विशेष आहे. ही साय जिवंत आहे." मी हसले. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी त्या सायीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बसवलंस. गंजाच्या रंगाचे धागे, समईच्या वातीसारखे पीळ घातलेले. पाण्यातलं लोह घेऊन डोळ्यांना न दिसणारे जीव हा पीळ वळत बसतात, तू म्हणालीस. गंज आपोआप होतो हे मी मुलींना बेधडक शिकवत होते. त्या वर्षी मी ते वाक्य थोडं बदललं. तुला सांगितलं नव्हतं, पण तू ऐकलं असणार, तुझी खोली भिंतीपलीकडेच होती.

मद्रासजवळच्या कोवलमच्या खडकांवर आपण जायचो ते आठवतंय? सकाळची बस, डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं. साडीचा काष्ट्यासारखा खोचा मारून तू खडकावर अशी चढायचीस की मासे विकणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत राहायच्या. एकीनं विचारलंही, अम्मा, हे शिजवून खाता का तुम्ही? तू म्हणालीस, नाही, ह्याचं फक्त तोंड बघते. ती बाई बाकीच्यांना सांगायला पळाली, आणि मग सगळ्या किनाऱ्यावर हसणं. त्यांच्या लेखी आपण दोघी ठार वेड्या होतो.

त्या प्राण्याला आपल्याकडे नावही नाही. कायटन. पाठीवर आठ फळ्यांचं चिलखत, अंगठ्याएवढा चपटा जीव, खडकाला असा धरून बसतो की उचकटायला जावं तर खडकाची कपची निघेल. मला आधी तो दिसायचाच नाही. तू बोट दाखवायचीस आणि मी म्हणायचे, कुठंय, हा तर दगड. त्याची जीभ म्हणजे एक लांब फीत, तिच्यावर दातांच्या रांगा. त्या दातांनी तो खडक खरवडतो आणि खडकावरचं शेवाळ खातो. पुढचे दात झिजून पडतात, मागून नवे येत राहतात. दात काळेकुळकुळीत, आणि दगड खरवडूनही टिकतात. तुला नुसते दात मोजायचे होते. कुठल्या जातीला किती रांगा, एवढंच तुझं काम. साधं, सरळ, मोठ्या बाईंच्या पसंतीचं.

मग तो चुंबक आला मध्ये. मी मूर मार्केटात जुन्या सामानातून वर्गात दाखवायला आणलेला. तुझ्या टेबलावर ठेवला आणि चहा प्यायला लागले. तू किंचाळलीस. बशीतले तुझे सगळे काळे दात चुंबकाला जाऊन चिकटले होते, पाठीवर काटे आल्यासारखा दिसत होता तो. मी तर नाचायचीच बाकी राहिले. चुंबकाला ओढलं जाणारं काळं लोहखनिज भट्टीच्या धगीत होतं, पृथ्वीच्या पोटात होतं, असं माझी पुस्तकं सांगत होती. आणि इथं ते गार खाऱ्या पाण्यात, एका बोटभर किड्याच्या तोंडात! म्हटलं, अंबू, लिही. आजच लिही, उद्या पाठव.

तू काय म्हणालीस? "माझ्या सुरीचें लोखंड असेल गे."

तिथून जे सुरू झालं त्यानं तू माझ्या नाकी नऊ आणलेस. तुमच्या घरचं सोवळं मी पाहिलं होतं. ओलेत्यानं पाणी भरायचं, भरताना कुणाचा पदर लागला तर ओतून पुन्हा भरायचं. कॉलेजात तू त्यातलं काही पाळत नव्हतीस, वेगवेगळ्या जातींच्या मुलींच्या हातचा डबा खायचीस. पण लोखंडाच्या बाबतीत तू तुझ्या आईच्या, अम्मांच्याही वर गेलीस. सुरी टाकलीस, बांबूची कामटी तासून घेतलीस. सुई टाकलीस, झाडूतल्या माडाच्या हिरांनी दात सुटे करू लागलीस. चिमटा पितळेचा. नळाचं पाणी नको, पाइप गंजलेले. विहिरीचं नको, ती साय. केसांतले आकडे काढून ठेवायचीस, पदराची पिन काढायचीस. मी आत आले की, "विमला, तुझी पिन!" मी पदर सावरत दाराशी उभी. वाळूचीही शंका. कोवलमच्या वाळूत काळे कण असतात, तेही चुंबकाला लागतात, ते दातांत अडकले असतील तर? मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, प्राण्याच्या तोंडात आहे ते सोडून तू सगळ्या मद्रासेत लोखंड शोधत फिरतेस. तू म्हणालीस, "कळसा माझाच कीं शेजारणीचा, तें बघूं नको?"

मी माझ्या परीनं केलं. दात आम्लात विरघळवले, दोन नळ्यांत दोन निरनिराळी रसायनं घातली, दोन्ही नळ्या निळ्याशार झाल्या. एक गंजातलं लोह दाखवते, दुसरी गंज होण्याच्या अर्ध्या वाटेवरचं. दोन्ही एकत्र असतात ते हेच खनिज. मी नळ्या उंच धरून तुझ्यासमोर आले. तू नळ्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "पाणी कुठून आणलेंस?" काय बोलणार, कपाळ माझं!

पण तो दिवस, अंबू. त्या दिवसासाठी मी तुला सगळं माफ केलं असतं. तू एका मोठ्या कायटनची अख्खी फीत काढलीस, न तोडता, आणि काचेवर उलगडून ठेवलीस. तोवर आपण तुटके दातच बघत होतो. मागच्या टोकाला दात पांढरे, पारदर्शक. थोडं पुढं तांबूस. मग विटकरी. आणि मग एकदम काळे. एकाच फितीवर, एकाच जिभेवर. तू हिराच्या टोकानं एकेक रांग सुटी केलीस आणि मी चुंबक धरला. पांढरे हलले नाहीत. तांबडे हलले नाहीत. तांबडा म्हणजे गंजच की तो, तुझ्या विहिरीतल्या सायीचा सख्खा भाऊ. पुढची रांग ठेवलीस आणि ती टुणकन उडाली. हा जीव आधी गंज करतो, आणि मग त्या गंजाचं काळं चुंबकी खनिज करतो, भट्टी नाही, आच नाही. सुरीचं लोखंड असतं तर पांढऱ्या दातांनाही लागलं असतं. वाळू असती तर रांगेनं कशाला बसली असती? तू माझा हात घट्ट धरला होतास, तुझी बोटं गार पडली होती. तू रडत होतीस हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, आता तरी पाठव.

"आणखी येकदां बघूं. काचेंतही लोखंड असतें, हिरवट दिसते ना कडेला. आणि कॉस्टिक काच खातें."

अति तिथं माती, अंबू. तोंडावर म्हटलं होतं तुला. दात सुटे करायला जीभ कॉस्टिकच्या, म्हणजे दाहक सोड्याच्या, पाण्यात उकळावी लागते, ती काचेत उकळायची, आणि काचेतल्या लोखंडाचीही तुला धास्ती. मी चिडून सुट्टीला सांगलीला निघून गेले. उन्हाळ्याची सुट्टी, आईचं आजारपण, मला यायला उशीर झाला. आणि त्या सुट्टीत तुला ते सुचलं.

तुमच्यात सार करायचं ते कथलाचं भांडं. लोखंडाचा अंशही नाही त्यात, ही तुझी अक्कल. मी तिथं असते तर एका वाक्यात सांगितलं असतं की कॉस्टिक कथील खातं, आणि भांड्यातलं पाणी आटलं की कथील आचेवर लोण्यासारखं वितळतं. तुमच्यातल्या बायकांना निदान ते दुसरं तरी ठाऊक असतं, सार ओतल्याशिवाय ते भांडं चुलीवर कुणी ठेवत नाही. पण तुझं लक्ष कायटनच्या जिभेकडे. अम्मा देवळात गेलेल्या. मातीची चूल, कोळसे, वर साराचं भांडं, आत कॉस्टिक आणि आत तो जीव. भांडं आधी एका बाजूला कलंडलं, मग बूडच बसलं, आणि सगळं चुलीत. धूर, वास! आणि त्याच वेळी अम्मा प्रसाद घेऊन दारात.

मी परत आल्यावर तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघी हसून हसून बेजार झालो होतो. हसता हसता तू म्हणालीस, "अम्मा येक शब्दही बोलल्या नाहींत." आणि मग तुझं हसू थांबलं. अम्मांनी चूल फोडून नवी घातली, सगळं घर धुतलं, आणि त्या दिवसापासून तुला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पान वाढलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज वाढायच्या, वेळेवर वाढायच्या, तुला आवडतं ते करून वाढायच्या, पण बाहेर. त्या तुझ्या हातचं पाणी घेईनात. इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की माझ्या चुलीवर तू शिजवत काय होतीस. आणि तूही सांगितलं नाहीस. दोघी एका मातीच्या!

त्यानंतर तू सगळं पहिल्यापासून सुरू केलंस. नवे प्राणी, नवे हीर, मेणाचा थर दिलेल्या वाट्या, उकळायचं सोडून थंड कॉस्टिकमध्ये भिजवत ठेवणं. किती सावकाश! कोवलमला मीच जास्त वेळा जाऊ लागले, कारण तुला खडक चढताना धाप लागायची. लहानपणीच्या तापानं हृदय अधू झालेलं, हे तू मला तोवर सांगितलं नव्हतंस. मी तुझ्यावर खेकसायचे, चल लवकर, भरती येईल. तू खालीच बसायचीस, चेहरा पांढरा, आणि म्हणायचीस, "तूं पुढें हो, मी मासेवालीशीं बोलतें."

आणि मग ग्रंथालयात ते नियतकालिक आलं, बोटीनं महिने काढून. मी आधी पाहिलं. कायटनच्या दातांवर चुंबकी लोहखनिजाची टोपी असते, परदेशातल्या कुणी एकानं सिद्ध करून छापलं होतं. मला वाटलं जमीन दुभंगेल. ते तुझ्यासमोर कसं न्यायचं हेच कळेना. शेवटी आणून आदळलं टेबलावर. तू उभ्यानंच वाचलंस, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलंस. मी रडत होते, तुला शिव्या देत होते, पाठव म्हटलं होतं ना, किती वेळा म्हटलं होतं! तू मान वर केलीस. चेहरा असा मोकळा की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. म्हणालीस, "बरें झालें गे. आतां झोंप लागेल."

झोप! म्हणजे इतकी वर्षं तू रात्री जागी राहून हा विचार करायचीस, की आपलं खरं आहे की नाही. आणि मला वाटायचं तुला घाई कशी ती ठाऊक नाही. मी तरीही ओरडले, नाव गेलं तुझं! तेव्हा तू ती शपथ घातलीस. आणि दुसऱ्या दिवशी आलीस ती नवीन प्रश्न घेऊन. तांबड्याचं काळं होतं ते एका रांगेच्या अंतरात, एवढ्या झटपट कसं? गंजातून प्राणवायू काढून घेतो की काय हा? हे त्या माणसानं सांगितलेलं नाही. बघूं या. तुझ्या डोळ्यांत तीच चमक. मी म्हटलं, मला तोंड दाखवू नकोस. आठवडाभर मी तुझ्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग मीच आले, तू चहा पुढे केलास, आणि म्हणालीस, "पिन काढलीस ना?"

हे सगळं आता कुणाला सांगू? परवा शोकसभेनंतर तुझ्या खोलीत गेले होते. तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार, त्यांना घाई आहे. टेबल पुसलेलं. मी तिथं उभी राहून मराठीत बोलले, मोठ्यानं, नुसतं "अगं" म्हणाले. शिपाई दारातून डोकावला, तमिळमध्ये विचारलं, काही हवंय का अम्मा? मी म्हटलं, काही नाही. या शहरात दिवसभर मी लोकांना आपण काय म्हणतोय ते समजावत असते. तुझ्यापाशी फक्त भांडायचं असायचं.

काल तेराव्याला तुझ्या घरी गेले. जाताना ठरवूनच गेले होते की अम्मांना सांगायचं, मी पत्र लिहिणार. मनात पत्राची सुरुवातही झाली होती. पंगत उठली, माणसं पांगली, मी हात धुऊन निघणार तोच अम्मांनी आतून बोलावलं, "विमला, इकडे ये." मी उंबऱ्याशी थांबले. त्या म्हणाल्या, "आंत ये." मी आत गेले. त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, खूप लहान दिसत होत्या.

"येक सांग. त्या दिवशीं ती माझ्या चुलीवर काय शिजवत होती?"

मी सांगितलं. खडकावरचा प्राणी, त्याची जीभ, दात. तिला बघायचं होतं की त्या दातांतलं लोखंड त्याचं स्वतःचं आहे की बाहेरून लागलेलं.

"मग? कोणाचें होतें?"

"त्याचंच, अम्मा. तो स्वतः घडवतो. आधी तांबडं, मग काळं."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकें लोखंड तोंडांत, जड होत नाहीं त्याला?" मला हसू आलं आणि हुंदकाही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, अम्मा, हे तिनं सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. पण पाठवलं नाही. आता ते दुसऱ्याच्या नावावर आहे. मी पत्र लिहिते त्यांना, तिचं नाव मागते.

"तिनें कां मागितलें नाहीं?"

"तिची खात्री झाली नव्हती."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी तुझे. रागावून नाही, खरंच न कळून त्यांनी विचारलं, "तिची खात्री नव्हती, मग तूं कशी मागतेस?"

अंबू, इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, तू हसायचीस, टाळायचीस, चहा पुढे करायचीस, पण हा प्रश्न तू मला कधी विचारला नाहीस. विचारला असतास तर निदान तेव्हा उत्तर शोधून ठेवलं असतं. मी तिथं बसून राहिले. अम्मांनी पाण्याचं पंचपात्र माझ्यापुढे केलं, मी प्यायले, उरलेलं त्यांनी घेतलं आणि त्या प्यायल्या. तुला हे पाहायला हवं होतं.

नाही लिहीत मी पत्र. तुझं नाव काय मागायचं, तूच देऊन टाकलंस ते, तुझ्या आईनंही दिलं. मी कोण मध्ये पडणारी? पण मला पटलेलं नाही हं. अजिबात पटलेलं नाही. पाठवायलाच हवं होतं, त्या फितीच्या दिवशीच. बाकी काच, पाणी, पिन हे सगळं नंतर बघता आलं असतं. माझ्याकडे चांगले मुद्दे आहेत, काल बसमध्ये आणखी दोन सुचले, एक तर असा आहे की तुला बोलताच येणार नाही.

आणि ते ऐकायला मद्रासेत कोणी नाही, अंबू. कोणीच नाही.